येलदरीच्या पाण्यावर कावेरी

“अवो, मला न्हाई जमायचं हे. सर्टिफिकेट आलंय की मोबाइलवर,” लाइफ जाकिटाचे पट्टे आवळत कावेरी म्हणाली.

येलदरी धरणाच्या काठावर ती आमच्या लेकीचा, प्रियांकाचा पंजाबी ड्रेस घालून उभी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला साडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. एरवी मी दिवसभर तिची फिरकी घेतली असती, पण तिनं एकच पट्टा तिसऱ्यांदा आवळला, म्हणून चेष्टा राहू दिली.

हा सगळा खटाटोप माझ्या आईमुळे होता. गेल्या साली पुराचं पाणी गल्लीत शिरलं, बोट दारात आली. पण बोटीतल्या अनोळखी गड्यानं हात पुढे केला तशी आईनं दार लावून घेतलं. तिचं बघून शेजारच्या बायाही घरातच बसल्या. पाणी चुलीपर्यंत आलं आणि नशिबानं उतरलं. यंदा गावाला स्वतःची बोट मिळाली. बोटीवर एक तरी बाई पाहिजेच, असं ठरलं आणि कावेरी पुढे झाली.

पुरातून माणसं काढायचा कोर्स आधी मोबाइलवरच झाला. भाकरी थापताना मोबाइल डब्याला टेकवून तिनं सगळे व्हिडिओ पाहिले आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले. मी तर माझ्या गिरणीत दळायला येईल त्याला ते सर्टिफिकेट दाखवत सुटलो. मग निरोप आला, वर्गालाही यावं लागेल, पाण्यात उतरावं लागेल. मला ते फुकटचं लचांड वाटलं.

शिकवणारे सिद्धोधन सर जवळ आले.

“ताई, पाण्यात पडल्यावर जाकीट काय करतं?”

“तोंड पाण्याच्या वर ठिवतं.” उत्तर तिला पाठच होतं.

“पटतंय का पण?”

कावेरी पाण्याकडे बघत राहिली. “न्हाई, सर.”

“म्हणूनच बोलावलंय. मान मागं टाका, कान भिजू द्या, हातपाय ढिले सोडा. मी बाजूलाच हाय.”

ती कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

“जा, मी हाय इथं,” मी म्हणालो. मला पोहता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती डोळे मिटून मागे रेलली.

सरांनी तिच्या पाठीखाली धरलेला हात हळूच काढून घेतला. कावेरी बुडाली नाही. एवढं अफाट धरण, नजर पोचत नाही तिथवर पाणी, आणि त्यानं आमच्या कावेरीला अलगद वर धरलं होतं. व्हिडिओ मीही पाहिले होते, पण असलं काही त्यात दिसलं नव्हतं.

“जमलं, ताई. बोटीवर तुमचं नाव पक्कं. या आता बाहेर,” सर म्हणाले.

ती हलली नाही.

“कावेरी, आगं ये की,” मी हाक मारली.

“थांबा वो जरा,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “पडू द्या मला घडीभर.”

घरात ती तापातसुद्धा दिवसा पाठ टेकत नाही. मी तिच्या चपला उचलून सावलीत ठेवल्या आणि काठावर बसून राहिलो. पुन्हा हाक मारली नाही.