पहिले पाणी सांडू द्या

मित्रांनो, मी एक जुनी, ठिगळ लावलेली छागल आहे, पाणी गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी. मी गळते असे लोक म्हणतात. हा आळ मला मुळीच मान्य नाही. कोरडी ठेवली की कोणतीही छागल गळतेच. आधी भिजवा, पहिले पाणी सांडू द्या, मग माझ्या कापडाचा धागा फुगतो आणि थेंब अडतो. एवढा धीर माणसांना नसतो, त्याला मी काय करू?

माझा जन्म ॲडलेडला, जहाजांची शिडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातून झाला. लिंडसे ट्रेगोवन नावाच्या पवनचक्की-दुरुस्त्याने मला घेतले आणि ट्रकच्या पुढच्या दांडीला टांगले. तेव्हापासून लाल धूळ हेच माझे माहेर नि सासर. एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर जायचे, जमिनीतले पाणी उपसणारी, बंद पडलेली पवनचक्की चालू करायची, मल्गाच्या झुडपांशेजारी मुक्काम टाकायचा. वाऱ्याने माझे अंग गार व्हायचे, आतले पाणीही गार. मुक्कामावर आलेले गुराखी आधी माझ्याकडे वळत, मग लिंडसेला रामराम करत. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

पुढे लिंडसेचे गुडघे गेले आणि त्याची मुलगी मेरिन ट्रकच्या स्टिअरिंगवर बसली. तिने बॅटरीवरचा फ्रीज आणला, ट्रकखाली प्लॅस्टिकची टाकी बसवली आणि मला पान्यांच्या पेटीत कोंबले. दोन उन्हाळे मी ग्रीसच्या वासात काढले. फार वाईट वाटले.

या खेपेला लिंडसेने मला बाहेर काढून पाणी भरले. मी अर्थातच गळले. मेरिन हसून म्हणाली, "बाबा, तुझी शोभेची बाहुली रडायला लागली."

"रडू दे. उद्या गप्प बसेल," तो म्हणाला आणि मला पुन्हा भरले.

त्या दिवशी लिंडसेचा वाटेत डोळा लागला होता. कुंपणाचे एक फाटक सताड उघडे दिसले. मेरिन ट्रक घेऊन पार झाली, उतरली आणि नीट कडी घालून आली. पुढे मुक्कामाला पोचून बापलेकीने बंद पवनचक्कीचे नळ वर ओढायला घेतले. काम चिवट निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, राखेत भाजलेला पाव मोडता मोडता, तिने सहज सांगितले की कुणी वेंधळा फाटक उघडे टाकून गेला होता, ते तिने लावून घेतले.

लिंडसेने चहाचा मग खाली ठेवला. "पोरी, फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. इथली चक्की बंद आहे, म्हणून मालकिणीने ते उघडं ठेवलं होतं. गुरं त्यातून मागच्या हौदावर पाणी प्यायला जात होती."

मेरिनचा चेहरा उतरला. फाटकाच्या अलीकडची सगळी गुरे कालपासून तहानलेली होती. नळ जमिनीवर पसरलेले, म्हणजे इथून आज पाणी निघणार नव्हते. हत्यारे तिथेच टाकून दोघे उलट फिरले.

पन्हाळी पत्र्यासारख्या त्या रस्त्यावर ट्रक आदळत होता. निम्म्या वाटेत रेडिएटरचा पाइप फुटून वाफ उडाली. मेरिनने पाइपला रबर गुंडाळले आणि पाण्यासाठी खाली वाकली, तर प्लॅस्टिकची टाकी तडकून रिकामी! फ्रीजमध्ये लोणी आणि मांस. पाणी उरले ते फक्त माझ्यात. मी एक थेंबही सांडला नव्हता.

"बाबा, आधी तू पी. तुझे ओठ फुटलेत," ती म्हणाली.

"आधी गाडीला. गाडी पोचली तर सगळेच पिऊ."

तिने मला उचलले आणि रेडिएटरमध्ये ओतले. तळाशी घोटभर राखले. त्या घोटाला दोघांनीही तोंड लावले नाही.

फाटकाशी गुरे दाटीने उभी होती. हंबरण्याचेही त्राण त्यांना नव्हते. मेरिनने कडी काढली आणि ती बाजूला झाली. धुळीचा लोट उठला, सगळी हौदाकडे गेली. एक वासरू मात्र खाली पडून राहिले. मेरिनने बोटे माझ्या तोंडात बुडवून त्याच्या तोंडात घातली. पहिल्यांदा पाणी त्याच्या ओठांवरून ओघळून गेले. तिने पुन्हा बुडवली. ते चोखू लागले, तेव्हा ती रडली.

दुसऱ्या एका वासरापर्यंत पोचायला मात्र उशीर झाला होता; ते आधीच मेले होते. मालकीण श्रीमती हेझलडीन आल्या, तेव्हा लिंडसे बोलायच्या आत मेरिन पुढे झाली. "फाटक मी लावलं. वासराची भरपाई मी देईन."

त्या म्हणाल्या, "ती चक्की चालू करून दे. आणि तोंड धू आधी."

चक्की चालू झाली. मित्रांनो, आता मी पुन्हा पुढच्या दांडीला आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात कोरडे पडले असेल. वस्तू असेल, माणूसही असेल. पहिल्या दिवशी गळते म्हणून फेकू नका. आणि वाटेत फाटक लागले, तर ते तसे कुणी आणि का ठेवले असेल, याचा क्षणभर विचार करा. मेरिन आता प्रत्येक फाटकाशी थांबते. निघण्याआधी मला भिजवते, पहिले पाणी सांडेपर्यंत शेजारी बसते, आणि हसत नाही.