आखडल्याचा आळ

पाय यांचे सुजायचे आणि आळ यायचा माझ्यावर! म्हणे, 'बूट आखडला.' अहो, मी कातड्याचा आहे, लोकरीचा नाही.

मी उजव्या पायाचा काळा बूट बोलतोय. माझे मालक घरोघरी विजेचे मीटर वाचतात. सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर जिने चढलो. पूर्वी चौथा मजला एका दमात व्हायचा. यंदा मालक दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून उभे राहू लागले. संध्याकाळी मोजा उतरवला की घोट्यावर खोल वळ दिसे. मालक मात्र मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने लाकडी साचा कोंबून मला ताणलं. एकदा नाही, दोनदा!

मग घरात ती आली. ढगळ, पट्टेवाली सँडल.

"काय मऊ आहे!" मालक म्हणाले. सहा वर्षांत मला असं कधी म्हणाले नव्हते. मी जळून खाक झालो. मी निदान चावून सांगत तरी होतो. ही बया पट्टा एकेक भोक सैल करत सूज लपवत होती.

कामावर सँडल चालत नसे, म्हणून माझी तिसरी वारी झाली. या वेळी दुरुस्तीवाल्याने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"साहेब, बूट तोच आहे. पाय बदललाय. डॉक्टर गाठा."

दवाखान्यात कोण गेलं? सँडल! मला सगळं कळलं ते त्यांची मुलगी घरी येऊन कडाडली तेव्हा.

"बाबा, बीपीच्या गोळ्या कोणाला विचारून बंद केल्यात?"

"बरं वाटत होतं गं."

"म्हणून? इतकी वर्षं गोळीशिवाय वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजून हृदय थकलं. रक्त पुढे ढकलवेना, म्हणून पाणी साठलं. पायात, फुप्फुसात. आडवं झालं की धाप लागायची, तेही लपवलंत! आता किडनीवरही ताण आलाय."

मी आतून ओरडत होतो: बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका हो! ते बरं वाटणं गोळीचंच असतं.

औषधांनी सूज उतरली. थकलेलं हृदय पुन्हा नवं होणार नाही. गोळ्या आता कायमच्या. काल मालकांनी मला पायात घातलं, तर मी ढगळ! सँडल दाराशी बसून बघत होती. लाजेनं मेलो.

"हा फार सैल झालाय हो," मालक दुरुस्तीवाल्याला म्हणाले.

त्याने आत जाड तळ बसवला आणि मला त्यांच्या हाती दिलं.

"सैल झाला तर माझ्याकडे या, साहेब. घट्ट झाला तर येऊ नका."