तीन वर्षांनी आलेली पाळी

छापखान्यात तिला सगळे सरसबाई म्हणत. पुस्तकांच्या पाठींना सरस लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सोमवारी कागदाचं बंडल काढताना ती दोन पायऱ्यांच्या स्टुलावरून घसरली आणि डावं मनगट मोडून बसली.

"एवढ्याशा उंचीवरून पडून हाड मोडतं का कुणाचं?" प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हणाले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पाळी कधी गेली तुमची?"

ती कानकोंडी झाली. "बेचाळिसाव्या वर्षी. आता पंचेचाळीस चालू आहे."

हाडांची तपासणी झाली. कमरेची आणि मणक्याची हाडं वयाच्या मानानं फारच विरळ निघाली. तिथून तिची रवानगी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली.

"पाळी लवकर गेली की हाडांना जपणारं हार्मोनही लवकर आटतं," त्या म्हणाल्या. "तेच आपण बाहेरून देऊ. कातडीवर लावायची पट्टी, आणि गर्भाशयाच्या अस्तरासाठी महिन्यातले चौदा दिवस एक गोळी. पन्नाशीपर्यंत घ्या, मग पुन्हा बघू. शिवाय रोज भरभर चालायचं."

"आमच्या जाऊबाई म्हणतात, त्यानं कॅन्सर होतो."

"जाऊबाई डॉक्टर आहेत?"

"नाही, पण बोलतात तशाच."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "धोका अजिबातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण या वयात अंगात जे असायलाच हवं, तेच आपण भरून काढतोय. घरात कुणाला तो आजार नाही, तुम्हाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नाही. तुमचा फायदाच जास्त आहे. फक्त तपासण्या चुकवू नका. आणि हो, दर महिन्याला अंगावरून जाईल. ती खरी पाळी नव्हे, औषधाची."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली. "त्यातून काही... होऊ शकतं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवस राहण्याचं म्हणताय? नाही हो. ती आशा आता जवळजवळ नाहीच."

"मी आपलं सहज विचारलं," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली.

तिला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. त्यानंतर दर महिन्याला वाट बघायची आणि दर महिन्याला हिरमुसायचं, यात वर्षं गेली. शेवटी पाळीच थांबली. तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, "संपलं आता." तो शहर बसचा चालक, मुलखाचा अबोल. "बरं," म्हणाला आणि मोजे चढवत राहिला. ते 'बरं' तिच्या मनात सलत राहिलं. सुटलो एकदाचे, असंच वाटलं असणार याला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पट्टी आणि गोळी सुरू झाली, प्लास्टर निघालं, ती कामावर रुजू झाली, आणि त्याच आठवड्यात छापखान्याच्या बाथरूममध्ये तिला तो डाग दिसला. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द तिला पाठ होता. तरी काळीज असं उसळलं की तिला भिंतीला हात टेकावा लागला. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. "आले, आले," ती म्हणाली खरी, पण बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.

संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता.

"अहो, मला पाळी आलीय."

त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा असा उजळला, की लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला असं पाहिलं असेल. "म्हणजे... परत?"

"औषधानं येते ती. खरी नाही."

"हां. तसं होय." तो घाईघाईनं टॉवेल शोधू लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

ती समोर बसली. "तुम्हाला अजून हवं होतं?"

"हे काय विचारणं झालं?"

"मग त्या दिवशी नुसतं 'बरं' का म्हणालात?"

"काय म्हणू मग? मी रडलो असतो तर तुला वाटलं असतं, तुझ्यामुळेच झालं सगळं." तो पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिला. "शाळेच्या थांब्यावर मी उगाच मिनिटभर जास्त थांबतो. कंडक्टर बोंब मारतो. दुसरं असतं तर आता नऊ वर्षांचं असतं. चढताना दांड्याला हात पुरतोय न पुरतोय, एवढं."

"नऊ वर्षं आणि दोन महिने," ती म्हणाली.

बादलीतलं पाणी पार निवलं, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

दीड वर्षानं पुन्हा तपासणी झाली. हाडांची झीज थांबली होती, मणका तर थोडा सुधारलाही होता. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. तिला बरं वाटलं. पण पाळीच्या दिवशी बाथरूममधून बाहेर यायला तिला अजूनही वेळ लागायचा.

आता रोज सकाळी दोघं टेकाडाच्या रस्त्यानं चालायला जातात. परवा चढावर दम खात तो म्हणाला, "एव्हाना शाळेत निघायला कुरकुर केली असती तिनं."

"तिनं? मुलगी धरली होती तुम्ही?"

"मुलगीच."

"मी मुलगा धरला होता."

"वेणी घालायलासुद्धा शिकलो असतो मी," तो म्हणाला.

तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि उरलेला चढ दोघं सावकाश चढून गेली.