तोंड नसलेली आई

बगदादमधलं प्रदर्शन उद्यावर आलं आणि गानिम हट्टालाच पेटला. "ताई, आईच्या चित्राला तोंड काढ. लोक म्हणतील, या घरात बायकांना बोलायचीही चोरी!"

सलीमानं ब्रश धुऊन ठेवला. "एक रेघही बदलणार नाही."

चित्रात आईचा डोक्यावरून घेतलेला पायघोळ अबाया काळ्या त्रिकोणासारखा उभा होता. डावा खांदा पार खाली उतरलेला, नजर ताठ आणि तोंडाच्या जागी नुसती कापडाची चुणी.

"किती दुबळी, दुःखी दिसते!" गानिम कुरकुरला.

कोपऱ्यात चहा पीत बसलेली आई उठली. तिनं उजव्या हातात किटली घेतली, डाव्या हातात रंगांची जड पेटी. डोक्यावरचा अबाया घसरू लागला, तसा तिनं सवयीनं त्याचा काठ कचकन दातांत धरला. तोंड दिसेनासं झालं. डावा खांदा उतरला.

"दुःखी म्हणे!" ती दातांतूनच बोलली. "दजला नदीला पूर आला तेव्हा कंबरभर पाण्यातून अशीच चालले, मेल्या. या उजव्या हातात भांडी होती."

मग तिनं चित्रातल्या उतरलेल्या खांद्याकडे मान वळवली. "आणि त्या कडेवर तू होतास."