पाझराची बाटली

धरण काठोकाठ भरलं की माझ्या पायाला भिंगरी लागते. भरलेलं पाणी बघून लोकांना बरं वाटतं म्हणे. वाटत असेल! त्यांना ते उठता-बसता बघावं लागत नाही. आमचं घर बांधाच्या एका टोकाला, धरणाच्या राखणदाराला मिळतं ते, दोन खोल्यांचं. एका खिडकीतून पाणी दिसतं, दुसरीतून खालची शेतं, आणि दोन्हींच्या मधे नुसता मातीचा भराव. भाजी चिरता चिरता मी एकदा या खिडकीशी जाते, एकदा त्या. खालच्या गावात, ओढ्याला लागूनच माझं माहेर आहे. आई तिथे एकटी असते आणि दुपारी दार लावून गाढ झोपते.

"अगं, बस की जरा एका जागी," आमचे हे म्हणतात. "तू बसलीस म्हणून धरण फुटत नाही."

"तुम्ही बसलाच आहात की. घरात कुणीतरी उभं नको राहायला?"

हे धरणाचे राखणदार. बांधावर सपाट चालायला सांगा, तासभर चालतील. पण गेल्या वर्षापासून गुडघ्यांनी दगा दिला आणि उतारावरून पायथ्याशी जाणं बंद झालं. खरं काम तर पायथ्याशीच. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बघायचं ते एवढंच, की पाझराचं पाणी नितळ आहे ना. नितळ असेल तर पाणीच येतंय. गढूळ झालं, तर पाणी आतली माती बरोबर घेऊन येतंय, म्हणजे धरण आतून पोखरलं जातंय. म्हणून ह्यांची एक काचेची बाटली आहे. रोज सकाळी पाझराचं पाणी तिच्यात भरून आणायचं. मग हे ती उजेडाला धरून, एक डोळा मिटून, नवरी पसंत करायला आल्यासारखे बघणार आणि साहेबांना फोन करणार, "सगळं ठीक आहे."

बाटली भरून आणायचं काम ताईंचं. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांच्या धाकट्या पण माझ्याहून मोठ्या. नवऱ्याचं घर सोडून आल्या तेव्हा हातात एक पिशवी होती आणि तोंडाला कुलूप. किती तरी महिने कोपऱ्यात बसून असायच्या. जेवायला हाक मारली तर उठायच्या, नाही मारली तर तशाच. मग एके दिवशी मला न विचारता माझं फावडं उचललं आणि पायथ्याशी उतरल्या. पाझरामुळे तिथली जमीन कायम ओली, चिखलाची, कुणाच्या कामाची नव्हती. ताईंनी तिथे पालक लावला, मुळे लावले, काकडीचे वेल चढवले. उन्हाळ्यात सगळीकडे करपलेलं असायचं आणि ताईंची ती पट्टी मात्र हिरवीगार. खालच्या बायका भाजी घ्यायला चढून यायला लागल्या. पूर्वी ज्या 'नवऱ्याने टाकलेली' म्हणून कुजबुजायच्या, त्याच आता "ताई, आज काय काढलंय?" असं लाडीगोडीने विचारायच्या. ताई त्यांना झापायच्यासुद्धा. त्या झापायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, चला, आता ताईंचं काही बिघडत नाही.

पायथ्याशी खणायचं नाही हा नियम ह्यांना तोंडपाठ. पण बहीण हसायला लागलेली बघून ह्यांनी कानाडोळा केला. वरवर तर खुरपतेय, म्हणाले.

त्या दिवशी दुपारी माझा जीव नुसता खालीवर होत होता. पाणी सांडव्याच्या कडेला टेकलेलं. सकाळची बाटली नितळ होती, ह्यांनी फोनही केला होता, हे आता आडवे होऊन घोरत होते. मला मात्र काही सुचेना. ताटं घासली, पुन्हा घासली, शेवटी फडकं भिरकावलं आणि चपला घालून बांध उतरले.

ताई वेलांत वाकलेल्या होत्या. मला बघून चटकन सरळ झाल्या आणि एका खड्ड्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं वहिनी? काकडी हवी का?"

"तुमच्या मागे काय आहे?"

"काही नाही. पाणी साठवायला जरा खोल केलंय."

मी त्यांना बाजूला सारलं. खड्डा चांगला कमरेइतका होता. आतलं पाणी दुधाच्या चहासारखं होतं, आणि तळातून बारीक माती बुडबुडत वर येत होती, आधण आल्यासारखी. सकाळची बाटली डोळ्यांसमोर उभी राहिली.

"ताई, सकाळचं पाणी कुठलं?"

त्या वेलाची पानं सारखी करायला लागल्या.

"बोला की! कुठलं भरलं होतं?"

"हापशाचं."

आजवर मी नणंदेला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तेव्हा मात्र तोंड सुटलं. "अगं, तुला काही कळतं का? खाली माझी आई झोपलीय! गाव आहे खाली! चार पालेभाज्यांसाठी तू..."

"चार पालेभाज्या?" ताईही उसळल्या. "तुला नवरा आहे, घर आहे, रागावून जायला माहेर आहे. मला काय आहे गं? भावाच्या घरचा कोपरा! हे कळलं की दादा पहिलं हे बुजवणार. मला वाटलं, पाणी जरा उतरलं की आपोआप नितळ होईल. रोज वाटायचं, उद्या होईल."

"आणि नाही झालं तर?"

त्यांनी खड्ड्याकडे बघितलं. हात मातीने भरलेले, ते त्या कपड्यांना पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या. मला त्यांच्या थोबाडीत एक द्यावीशी वाटत होती आणि पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"मी वर सांगायला जातेय," मी म्हटलं.

"थांब. मी सांगते."

वेलाजवळ बाटली ठेवलेलीच होती. ताईंनी ती खड्ड्यात बुडवली, गळ्यापर्यंत भरली आणि माझ्यापुढे भराभर चढायला लागल्या. मला धाप लागली, त्यांना नाही.

ह्यांना उठवून त्यांनी बाटली समोर ठेवली. उजेडाला धरायची गरजच नव्हती.

"सकाळची?" ह्यांनी विचारलं.

"हापशाची."

"कालची?"

ताईंनी मान खाली घातली. ह्यांनी सरळ फोन उचलला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग जी धावपळ उडाली! पाणी उतरायला कालव्याचं दार पूर्ण उघडलं. मी आईला फोन केला, उंचावरच्या मावशीकडे आत्ताच्या आत्ता जा म्हटलं, तर म्हणाली, चहा ठेवलाय तेवढा पिऊन जाते. तिला अशी झापली की चहा न पिता निघाली, आणि त्याचं तिने मला पुढे बरेच दिवस ऐकवलं. ओढ्याकाठची घरं ह्यांनी रिकामी करायला लावली. ऊन उतरायच्या आत साहेब वाळूच्या, खडीच्या गाड्या घेऊन पोचले. पाझर नुसता बुजवायचा नाही, ते म्हणाले, दाबला तर पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, तिच्यावर खडी, वर मोठे दगड. पाण्याला वाट राहील, माती अडेल. आणि खड्ड्यावरच नाही, ओल आहे तिथपर्यंत सगळ्या पट्टीवर.

गावातली माणसं घमेली घेऊन उभी राहिली आणि हात कुणाचाच उचलेना. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी ताईंचाच पालक जायचा.

"भाजी काढून घ्या आधी, बाई," साहेब म्हणाले.

"कशाला वेळ घालवायचा?" ताई म्हणाल्या. त्यांनी एकाच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं आणि वाळू पालकावर ओतली. दुसरं आणलं, तेही ओतलं. मग बाकीच्यांनी सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत काकडीचे मांडवसुद्धा दगडाखाली गेले. मी घमेली वाहता वाहता रडत होते. ताई रडल्या नाहीत.

धरण राहिलं. पाणी बरंच उतरलं, आई घरी परतली, मावशीच्या चहाला नावं ठेवत. दगडांतून बारीक धार यायला लागली. घरात मात्र तिघंही एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत वावरत होतो. मी ताईंना पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागले होते आणि ते जास्तच परकं वाटत होतं.

एका सकाळी ताईंनी आपणहून बाटली उचलली. "आणते," म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या चढून आल्या, बाटली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी उजेडाला धरली, एक डोळा मिटला. पाणी असं नितळ, की पलीकडची खिडकी दिसावी.

मी फोन त्यांच्याजवळ सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. बाटलीतलं पाणी दाराबाहेर ओतलं आणि रिकामी बाटली माझ्यापुढे धरली.

"तू एकदा भरून आण," मला म्हणाले. बहिणीकडे न बघता.

असा राग आला मला! म्हटलं, ह्यांना चांगलं खडसावते. तोंड उघडलंसुद्धा. पण खरं सांगू? ताई चढून येत होत्या ना, तेव्हा मीही खिडकीतून बघत होते, त्या हापशाकडून येतात की पायथ्याकडून. मी बाटली घेतली.

"जा, जा," ताई म्हणाल्या. "गुडघे धड आहेत तुझे."

त्या माझ्याबरोबर बांधापर्यंत आल्या आणि वरच थांबल्या. मी उतरले. दगडांच्या फटीतून एका ठिकाणी पालकाचं एक पान वर आलं होतं. त्याच्याशेजारी बाटली लावली, भरली, उजेडाला धरली. मग ओतून टाकून पुन्हा भरली.

वर बघितलं तर ताई माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"ताई," मी खालून ओरडले, "नितळ आहे गं!"

त्या वळल्या नाहीत.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.