मापात बसलेली झोप

माझे बाबा, भालचंद्र देवघरे, पिपलानीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, मापात असेल तर पुढे, नसेल तर मागे. घरातही तेच. पोळी गोल नसली की बोलायचे काही नाहीत, नुसती बाजूला ठेवायचे. आईला याचा भयंकर राग यायचा. आई गेली, राग माझ्याकडे आला.

माझ्या पीएच.डी.चा विषय साधा होता. जन्मभर तीन पाळ्या केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर झोप लागते का? दोनशे बारा माणसं मी बाबांच्याच कारखान्याच्या यादीतून चिठ्ठ्या काढून निवडली. ओळखीच्यांनाच विचारलं तर तो नमुना होत नाही, गोतावळा होतो, एवढं मी पहिल्या वर्षीच शिकले होते. नेमका तेव्हाच माझा पाय मोडला. बाबा म्हणाले, मी आणतो फॉर्म भरून. आमच्या कोटऱ्याहून पिपलानी म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, तेही मे महिन्यात, स्कूटरवर. तरी एकही रकाना रिकामा नाही, एका पानाला चहाचा डाग नाही. मी अशी हुरळले की विचारू नका.

याला दोन वर्षं झाली. आता प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. यावेळी चुकलं तर नोंदणीच रद्द. विभागात संख्याशास्त्राचा नवा शिक्षक आला होता, प्रतीक नावाचा, माझ्याहून लहान. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, एकदा त्याला तक्ते दाखवून घे. त्याने आलेख काढला आणि त्याची दोन्ही टोकं मोठी करून पाहिली.

"ताई, सरासरी साडेसहा तास, ठीक है," तो म्हणाला. "पण पसाराच नाही. पाचच्या खाली एक माणूस नाही, आठच्या वर एक नाही. दोनशे बारा बुजुर्ग, और एक भी रातभर नहीं जागता? दोन्ही बाजूंनी कुणीतरी कापलंय हे."

मी भडकले. माझ्या वडिलांनी गोळा केलेत फॉर्म, आयुष्यात खोटी सही केली नाही त्यांनी, असं बरंच काही सुनावलं. त्याने फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवली.

घरी बाबा मटार सोलत होते. मी विचारलं, तर लपवाछपवी दूरच, त्यांनी कौतुकाने सांगितलं. सुरुवातीलाच काही फॉर्म भलतेच आले. कुणी दोन तास लिहिलेले, कुणी अकरा. माणूस पाच ते आठ तास झोपतो, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तेच माप धरलं. त्यात न बसणाऱ्यांकडे ते कोरा फॉर्म घेऊन पुन्हा गेले, समोर बसले आणि नीट आठवून लिहायला लावलं. कारखान्यात नापास भाग लगेच फेकत नाहीत, आधी दुरुस्तीला पाठवतात, तसं.

"पहिले फॉर्म कुठे आहेत?"

"रद्दीत गेले. नापास माल पास मालाशेजारी ठेवत नाहीत, अबोली."

असे किती, तर साठेक. कोणकोण, ते आठवत नव्हतं. मला ओरडायचं होतं. ते साठजणच माझा प्रबंध होते. त्यांच्या बदललेल्या आकड्यांवरून मी पाचव्या प्रकरणात ठणकावून लिहिलं होतं की रात्रपाळीचा पुढे झोपेवर परिणाम होत नाही. सरासरीपासून लांब पडलेली माणसं चुकीची नसतात, शोधायचं असतं ते त्यांच्यातच सापडतं, हे मी बाबांना समजावलं. शेवटी शेवटी माझा आवाज चढला. मग त्यांनी हात धुतले, शर्ट चढवला आणि म्हणाले, पुन्हा विचारून येतो.

त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मी स्कूटरवर मागे बसले. काही उपयोग नव्हता. दोन वर्षांपूर्वीची झोप आज कोण सांगणार? प्रबंध हातचा गेला होता. ते बाबांच्या पाठीला कसं सांगायचं, एवढंच मला कळत नव्हतं.

पहिलं घर गजाननकाकांचं, कारण तेवढा एक फॉर्म परत भरून घेतल्याचं बाबांना पक्कं आठवत होतं, आधीचा आकडा मात्र नाही. दोघं एकाच पाळीतले. काका गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले. शशिकलाकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. बाबांनी चाचरत विचारलं, गजानन पहिल्यांदा किती तास म्हणाला होता?

"एक," काकू म्हणाल्या. "रात्रभर या खुर्चीत बसून राहायचे, भाऊजी. तुम्ही दुसऱ्यांदा आलात, नीट आठव म्हणालात, तेव्हा त्यांनी सहा लिहून दिलं. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, भालचंद्रालाच खरं वाटत नाही, तर डॉक्टरला काय वाटणार? मग कुणाला काही बोललेच नाहीत."

बाबांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. गुडघ्यावर ठेवला, पेन उघडलं.

"अबोली, एक कुठे लिहू?"

माहिती स्वतः त्या व्यक्तीनेच द्यावी, असं मी फॉर्मच्या पहिल्या पानावर ठळक छापलं होतं. मी त्यांना रकाना दाखवला.