खोपटाची केबल

चर खणून होत आला होता, पोलादी कवचाची आर्मर्ड केबल वाळूच्या गादीवर अर्धीअधिक निजली होती, तरी वायरमनच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. कुदळ टेकवायची, चढावर जाऊन सोलर पॅनेलकडे बघून यायचं, वाळूत बोटं घालायची आणि म्हणायचं, "जाड राहिली, परत चाळायला हवी." वाळू बिचारी बारीकच होती. अडत होतं ते मन.

"अरे ठोंब्या, मुंग्या चावल्या का तुला?" खोपटाच्या पायरीवर चाळण घेऊन बसलेली त्याची ताई म्हणाली. हे नाव तिनंच ठेवलेलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ते सुटलं नव्हतं.

आई गेली तेव्हापासून ताईनं शिवणाच्या मशीनवर घर ओढलं होतं. त्याला कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं, त्याची पोरं मांडीवर वाढवली. आता पोरं आपापल्या वाटेला लागल्यावर तिनं एका सकाळी जाहीर केलं की रानाच्या कडेचं हे लाकडी खोपटं तिनं घेतलंय आणि यापुढे ती तिथंच राहणार. "जन्मभर कुकर नि टीव्हीच्या आवाजात देवाचं नाव घेतलं," ती म्हणाली, "आता त्याला ऐकू जाईल असं घेते."

विजेचे खांब रानापर्यंत पोचतच नव्हते. खोपटावर झाडांची गर्द सावली, म्हणून पॅनेल वर मोकळ्या चढावर, बॅटरीची पेटी त्यांच्याशेजारी आणि तिथून खोपटापर्यंत जमिनीखालून केबल. ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे पायाचं मशीन तिला झेपत नव्हतं. मोटर हवी, मोटरला वीज हवी, आणि शिवणकामाशिवाय ताई दोन दिवस राहणारी बाई नव्हे. हे तिनं स्वतःच कबूल केलं होतं. "आज वीज आली तर राहीन. नाहीच जमलं तर निमूट तुझ्या गाडीत बसेन."

तेव्हापासून वायरमन झालेलंच काम पुन्हापुन्हा करत होता. ताईचा दिवा लावणं त्याच्याच हातात, आणि तिला परत नेणंही.

पायरीजवळचा शेवटचा टप्पा राहिला होता. त्यानं चिडल्यासारखी कुदळ हाणली आणि जमिनीतून पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या नाकात गेली.

"हा पाइप कुठून आला इथं?"

"वरच्या झऱ्याचा रे. आधीचे मालक म्हणाले होते, दगडांची रांग आहे ना, तिच्याखालून जातो म्हणून."

"कुठाय रांग?"

ताईनं हळूच फुलझाडांकडे पाहिलं. झाडांभोवती दगडांचं गोल, टुमदार आळं होतं. "उगाच एका ओळीत पडले होते बाबा. म्हटलं, कुणाच्या उपयोगी तरी पडू देत."

"पाइपची खूण उचलून तू आळं केलंस?"

"दिसतंय छान, पण!"

एरवी तो पोट धरून हसला असता. पण केबलचं कापलेलं टोक त्यानं घाईत टेप न गुंडाळता चरातच टाकलं होतं, आणि पाणी तिकडेच धावलं. ताई गुडघे विसरून वरचा कॉक बंद करायला पळाली. त्यानं टोक बाहेर ओढलं, भिजलेला भाग कापून टाकला, उरलेलं कोरडं पुसलं आणि पिशवीतून मेगर काढला. केबलच्या आत ओल शिरली की नाही, हे सांगणारं हे यंत्र. दांडा घरघर फिरवायचा आणि सुई काय म्हणते ते बघायचं.

सुई सरळ शेवटच्या टोकाला जाऊन टेकली. केबल ठणठणीत होती.

"काय म्हणतंय रे?" धापा टाकत परतलेल्या ताईनं विचारलं.

"गेली," तो म्हणाला.

तोंडातून शब्द निसटला तो निसटलाच. विजेतलं त्याला कळतं, हे ताईनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती आत गेली. उघड्या दारातून त्याला दिसत होतं, मशीनवर झाकण बसलं, कात्री पिशवीत गेली. मग तिनं फळीवरची देवाची तसबीर दोन्ही हातांनी उतरवली आणि तिच्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हौस केली होती रे. तुझी मर्जी दिसत नाही. असू दे."

वायरमन चरापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खोटं त्याचं, आणि माथी मारलं गेलं देवाच्या. पाय काही केल्या एका जागी ठरेनात. शेवटी तो दारात आला.

"ताई, तसबीर परत ठेव. त्याची मर्जी वगैरे काही नाही. माझी होती. केबल चांगली आहे."

ताईनं तसबीर छातीशी धरली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा चार थपडा बऱ्या.

"मग उभा काय राहिलास? पाणी उपस."

त्यानं डब्यानं पाणी उपसलं, पाइपचा फुटका तुकडा बदलला, केबलची वाट पाइपपासून लांब वळवली, वर कोरडी वाळू पसरली. ताई चाळत होती, देत होती, पण अक्षर बोलत नव्हती.

"शिव्या तरी दे गं."

"शिव्या देऊन तुला मोकळा करू? काम कर."

केबलला धक्का लागू नये म्हणून वाळूवर विटा रचताना तिनंच तोंड उघडलं. "का रे केलंस असं?"

"घरी आलो की हात धुतलेस का, असं विचारणारं कोणी राहणार नाही."

"बायको आहे की तुझी."

"ती विचारत नाही. हुकूम सोडते."

ताईचं हसू फुटता फुटता राहिलं. "मग इथं येत जा. दोनदा धुवायला लावीन. पण पुन्हा माझ्याशी खोटं बोललास, तर पायरी चढू देणार नाही."

माती लोटून त्यानं टोकं जोडली आणि बटण दाबलं. दिवा लागला. ताईनं तसबिरीला हात जोडले, मशीनचं झाकण काढलं आणि बसलीच. मोटर गुणगुणायला लागली. तो गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत दारातच घुटमळला.

"आत ये, नाहीतर जा," ती मान वर न करता म्हणाली, "माझा उजेड अडवू नकोस."

तो आत आला. कुठं बसावं ते न कळून मशीनच्या वायरीचा गुंता सोडवत राहिला. गुंता नव्हताच.